प्रेक्षकाकडे उत्तर मागणारी नटी

तिसरी घंटा होते, दिवे मालवतात, पडदा सरकतो आणि आपण खुर्चीत रेलून बसतो. पुढचे अडीच तास रंगमंचावर कोणाचे घर मोडो, कोणाचा खून होवो. आपल्याला कोणी काही विचारणार नाही, याची हमी तिकिटाबरोबरच मिळालेली असते. नट आणि प्रेक्षक यांच्यामधल्या या न दिसणाऱ्या पडद्याला नाटकवाले ‘चौथी भिंत’ म्हणतात. ही हमी द्यायचे जन्मभर नाकारणारी एक अभिनेत्री २०१५ साली, वयाच्या ८८ व्या वर्षी अमेरिकेत वारली. तिचे नाव ज्यूडिथ मलिना.

आपल्याकडे तिचा चेहरा कोणाला आठवलाच तर तो चित्रपटांमुळे. ‘डॉग डे आफ्टरनून’ (१९७५) या बँक दरोड्यावरच्या चित्रपटात ती अल पचिनोची आई होती. ‘द अ‍ॅडम्स फॅमिली’ (१९९१) मध्ये आजी. तिचे खरे काम मात्र नाटकाचे. जर्मनीतल्या कील गावी एका रब्बीच्या घरी जन्मलेली ही मुलगी लहानपणीच न्यूयॉर्कला आली. एर्विन पिस्काटोर या नामवंत दिग्दर्शकाच्या हाताखाली तिने धडे घेतले आणि १९४७ साली ज्युलियन बेक या चित्रकाराबरोबर ‘लिव्हिंग थिएटर’ ही संस्था काढली. पुढे दोघांचे लग्न झाले. गाठीला पैसा नव्हता आणि हक्काचे नाट्यगृहही नव्हते. म्हणून १९५१ मध्ये त्यांनी राहत्या घराच्या दिवाणखान्यातच प्रयोग केले. दिवाणखान्यात चौथी भिंत येणार कुठून?

१९५९ साली न्यूयॉर्कच्या चौदाव्या रस्त्यावर त्यांना जागा मिळाली आणि तिथे मलिनाच्या दिग्दर्शनाखाली ‘द कनेक्शन’ आले. काही गर्दुल्ले मालाची वाट पाहत बसले आहेत, एवढेच कथानक. जॅझचे वादक रंगमंचावर खरोखर वाजवत असत आणि मध्यंतरात नट बाहेर येऊन प्रेक्षकांपुढे हात पसरत. समोरचा नट आहे की खरा गर्दुल्ला? पैसे द्यायचे की तोंड फिरवायचे? प्रेक्षकाला तिथल्या तिथे ठरवावे लागे.

१९६३ च्या ‘द ब्रिग’मध्ये अमेरिकी मरीन सैनिकांचा तुरुंग होता. जमिनीवरची पांढरी रेघ ओलांडायची तरी कैद्याने ओरडून परवानगी मागायची. नट आणि प्रेक्षक यांच्यामध्ये काटेरी तार होती. त्याच वर्षी करबाकीसाठी सरकारने नाट्यगृहाला टाळे ठोकले. तरी शेवटचा प्रयोग झाला. प्रेक्षक छपरावरून आणि खिडक्यांतून आत शिरले! खटल्यात मलिनाबाई ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मधल्या पोर्शियाच्या वेशात बचावाला उभ्या राहिल्या. न्यायालयाला हे रुचले नाही. न्यायालयाच्या अवमानाबद्दल शिक्षा झाली.

उमेदीची वर्षे बँकेत खातेवह्या तपासण्यात घालवलेल्या माझ्यासारख्याला करबाकीचे समर्थन करता येणार नाही. ध्येय कितीही उदात्त असो, जमाखर्चाकडे पाठ फिरवली की त्याची किंमत कोणाला तरी मोजावी लागते. इथे ती संस्थेने मोजली आणि पुढची काही वर्षे युरोपात भटकत काढली.

या भटकंतीतूनच १९६८ साली ‘पॅरडाइज नाऊ’ उभे राहिले. फ्रान्समधल्या अ‍ॅव्हिन्यॉनच्या महोत्सवात त्याचा पहिला प्रयोग झाला. सुरुवातीला नट प्रेक्षकांत फिरून आपल्याला कशाकशाची मुभा नाही ते सांगत. पासपोर्टाशिवाय प्रवास नाही, पैशाशिवाय जगणे नाही. पुढे प्रेक्षकच रंगमंचावर चढत आणि शेवटी सारी मिरवणूक रस्त्यावर निघे. अ‍ॅव्हिन्यॉनमध्ये बंदी आली. अमेरिकेत येल विद्यापीठातल्या प्रयोगानंतर अंगप्रदर्शनाच्या आरोपाखाली अटक झाली.

या प्रयोगांत अरेरावी नव्हती असे म्हणवत नाही. दिवसभराच्या कामाने दमून आलेल्या गृहस्थाच्या तोंडावर ओरडायचे आणि तो बावरला की त्याला भेकड ठरवायचे, याला संवाद म्हणत नाहीत. प्रेक्षकाला गप्प बसण्याचाही हक्क आहे.

पण मलिना तिथेच थांबली नाही, हे तिचे मोठेपण. १९७० साली मंडळी ब्राझीलला गेली आणि नाट्यगृह सोडून गरीब वस्त्यांत काम करू लागली. १९७१ मध्ये तिथल्या लष्करी राजवटीने त्यांना तुरुंगात टाकले आणि मग देशाबाहेर काढले. १९७५ साली पिट्सबर्गमध्ये पोलाद कारखान्यांच्या कामगारांपुढे त्यांनी ‘द मनी टॉवर’ केले. पैशाची सारी व्यवस्था एका उंच मनोऱ्यावर मांडलेली. माथ्यावर कोण आणि तळाशी कोण, हे कामगाराने मान वर करून पाहावे! पैसा वर कसा चढतो, हे इतक्या सोप्या रीतीने आम्हा बँकवाल्यांनाही कधी सांगता आले नसते.

या विचाराचा धागा आपल्यापर्यंतही पोचला. बेक-मलिना यांच्या कामाचा प्रभाव बादल सरकारांच्या ‘तिसऱ्या रंगभूमी’वर होता आणि सरकारांचे ‘जुलूस’ अमोल पालेकरांनी मराठीत आणले. तशी आपली जुनी रंगभूमी या भिंतीला कधी फारशी जुमानत नव्हतीच. गवळणीतली मावशी समोरच्या मंडळींची फिरकी घेतल्याशिवाय पुढे सरकत नाही.

आज प्रेक्षकाला नाटकाच्या आत नेणे हा मोठा व्यवसाय झाला आहे. न्यूयॉर्कमध्ये ‘स्लीप नो मोअर’ २०११ पासून जानेवारी २०२५ पर्यंत चालले. ‘मॅकबेथ’वर बेतलेला हा खेळ एका इमारतीच्या अनेक मजल्यांवर होई आणि प्रेक्षक हवा तिथे हिंडत. कल्पना देखणी, पण प्रेक्षकाने मुखवटा घालायचा आणि बोलायचे नाही, असा नियम होता. मुखवट्याआडून वाटेल ते पाहावे, कोणाला ओळख द्यायला नको आणि उत्तरही द्यायला नको. मलिनाच्या प्रयोगात प्रेक्षकाचा चेहरा उघडा असे आणि तो लपवायची सोय नसे.

२०१३ साली भाडे थकल्यामुळे तिचे शेवटचे नाट्यगृह बंद झाले आणि ती न्यू जर्सीतल्या वृद्ध कलावंतांच्या निवासात राहायला गेली. हिशेबाच्या भाषेत हे नुकसानीचे खाते. तरीही पुढच्या वेळी ‘प्रेक्षकांचा सहभाग’ अशी जाहिरात वाचून आपण मुलाबाळांसह तिकीट काढू, तेव्हा एवढे तपासून पाहावे : इथे आपल्याला नुसते फिरवून आणणार आहेत, की आपल्याला काही विचारणारही आहेत? आणि विचारलेच, तर घरी परतताना गाडीत त्याचे उत्तर एकमेकांना द्यायची आपली तयारी आहे का?