मान दुखतेय? ‘डिसेंबरात भारतात दाखवू’ म्हणू नका



चँडलरहून लिहितेय. मी डॉक्टर नाही, सीए आहे. पण जानेवारी ते १५ एप्रिल आमची मान लॅपटॉपपुढे वाकलेलीच असते, तेव्हा या विषयावर दोन शब्द बोलायचा हक्क आहे असं समजा.

मान दुखली की आपली उत्तरं ठरलेली: उशी बदल, बाम चोळ, नाहीतर डिसेंबरात भारतात दाखवू. पहिल्या दोन्हींना माझी हरकत नाही. तिसऱ्याला आहे.

बहुतेक मानदुखी स्नायूंचीच असते. डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं. ते तासन्‌तास पुढे झुकवलं, वेडंवाकडं झोपलो की मान आखडणारच. वयानुसार मणक्यांची झीजही होते. शेक, हलक्या हालचाली, स्क्रीन डोळ्यांच्या पातळीवर, मधूनमधून उठणं, एवढ्याने ती बहुधा काही आठवड्यांत उतरते.

पण हिशेबात दुसरा रकानाही असतो.

अपॉइंटमेंट घ्या: काही आठवड्यांत उतार नाही, हातात मुंग्या येतात, रात्री दुखण्याने जाग येते, कारण नसताना वजन घटतंय, किंवा पूर्वी कॅन्सर झालेला आहे.

लगेच इमर्जन्सी गाठा: ताप, जोराची डोकेदुखी आणि मान पुढे वाकतच नाही (मेंदूज्वर असू शकतो), अपघात किंवा पडल्यानंतरची मानदुखी, हातापायातली ताकद जाणं, चाल लटपटणं, लघवीवरचा ताबा सुटणं. मान-जबड्याच्या दुखण्यासोबत छातीत दडपण, घाम, धाप असेल तर थेट ९११. ते हृदयाचं असू शकतं.

आणि आपल्या मॅरिकोपा काउंटीतल्यांसाठी खास. इथल्या धुळीत व्हॅली फीव्हरची बुरशी असते. क्वचित तो संसर्ग मेंदूच्या आवरणापर्यंत पोचतो. मग हटत नाही अशी डोकेदुखी, ताठरलेली मान. पुण्या-नाशिकच्या डॉक्टरांना हा आजार चटकन सुचेलच असं नाही. म्हणून कुठेही दाखवा, ‘मी अ‍ॅरिझोनात राहते’ हे आधी सांगा.

आता खरी अडचण, डिडक्टिबलची. खर्चाची भीती खोटी नाही, हे मी आकड्यांची माणूस म्हणून मान्य करते. पण एचएसए कशासाठी आहे? डॉक्टर, फिजिओथेरपी यांवर तो पैसा करमुक्त वापरता येतो आणि उरला तर पुढच्या वर्षी जातो. एफएसएतला मात्र बराचसा वर्षअखेरीस बुडू शकतो. दुखणं अंगावर काढून खर्च वाचत नाही हो, नुसता पुढे ढकलला जातो, आणि कधीकधी व्याजासकट येतो.

भेटीला येणाऱ्या आई-बाबांचंही बघा. ते ‘काही नाही गं, थोडी मान धरलीये’ म्हणतील, कारण इथलं बिल त्यांना ठाऊक असतं. त्यांच्या विम्यात जुन्या दुखण्यांबद्दल काय लिहिलंय, ते विमानात बसण्याआधीच वाचा.

आणि आज एवढं कराच: विम्याच्या कार्डामागे नर्स लाइनचा नंबर असेल तर फोनमध्ये सेव्ह करा. रात्री दोन वाजता शोधत बसायला लागू नये.