जपून ठेवलेली छायाचित्रे

मे महिन्यात रात्री नऊच्या सुमारास, किनाऱ्यावरच्या हॉटेलांच्या दिव्यांपासून दूर उभे राहून दक्षिणेकडे पाहिले, तर नरतुरंगात एक धूसर ठिपका दिसतो. बायरने १६०३ साली तारा समजूनच त्याला ओमेगा हे अक्षर दिले. तो साधा तारा नव्हे, हे हॅलेने १६७७ साली सेंट हेलेना बेटावरून ओळखले. पुढे लाकायने केपहून त्याची नोंद केली. हाच लाकाय १७५३ साली आपल्या बेटाची मोजणी करायला इथे आला होता! ठिपका म्हणजे सुमारे एक कोटी ताऱ्यांचा गोलाकार गुच्छ, जवळजवळ अठरा हजार प्रकाशवर्षे दूर.

‘तारे मोजून कोणाचे पोट भरते?’ असे घरोघरी विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण हबल दुर्बिणीने वीस वर्षांत या गुच्छाची पाचशेहून अधिक छायाचित्रे घेतली, ती बहुतेक संशोधनासाठी नव्हतीच. वाणी तराजू तपासतो, तसे दुर्बिणीचे कॅमेरे तपासण्यासाठी ती घेतली होती. सुदैवाने कोणी ती टाकून दिली नाहीत. हेबर्ले व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती ताडून चौदा लाख ताऱ्यांच्या गती मोजल्या. इतक्या दूरचा वेगवान ताराही वीस वर्षांत चित्रातला जेमतेम एक बिंदू सरकतो. शिवाय, मध्येच आलेला एखादा जवळचा तारा फसवू शकतो. म्हणून प्रत्येकाचे तेज व रंग पाहून तो गुच्छातलाच आहे ना, याची खात्री करावी लागते. अगदी मध्यभागी सात तारे असे धावताना सापडले की, एरवी ते केव्हाच गुच्छाबाहेर निसटले असते. त्यांना धरून ठेवणारे कृष्णविवर निदान ८,२०० सूर्यांइतके जड असावे, असे २०२४ साली जाहीर झाले.

आपल्याला हे नवे वाटू नये. मजुरांची ओळख पटावी, एवढ्यासाठीच कारकुनांनी आपल्या पूर्वजांची नावे, गावे लिहिली, छायाचित्रे काढली. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत ती जपली आहेत, म्हणून आज नातवंडांना आपले गाव सापडते. कारकुनाच्या ध्यानीमनीही ते नव्हते. म्हणून ‘उपयोग काय’ हे आधी ठरवून मगच नोंदी ठेवा म्हणणाऱ्यांशी माझे पटत नाही.

कृष्णविवराबद्दल मात्र अजून एकमत नाही. स्पंदकांच्या नोंदी वापरणारे काही संशोधक म्हणतात, तिथे एक मोठे नव्हे, लहान लहान पुष्कळ असावेत. त्यासाठी आणखी छायाचित्रे घ्यावी लागतील, आणि पुन्हा काही वर्षे थांबावे लागेल.