पिळाचा अंदाज

"हाताला कळतं हो!" एवढं बोलून आमचे एक परिचित परवा अंजूरफाट्याच्या टपरीवर असे मागे रेलले, की जणू खटला निकालात निघाला. विषय माझ्या डिकीतल्या टॉर्क पान्याचा होता. चाकाचे नट मोजून आवळतो म्हणजे मी अतिशहाणा, नाहीतर व्हिडिओ बघून बिघडलेला, असं त्यांचं निदान. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: व्हील पाना लावा, जोर आहे तोवर आवळा, शेवटी पाय देऊन एक झटका मारा, संपलं. मानकोली, काल्हेर, पूर्णा, दापोडे इथल्या गोदामांतून रोज एवढे ट्रक-टेम्पो सुटतात, त्यांची चाकं काय रस्त्यावर घरंगळतात? तुमचा तो टकटक करणारा पाना गोऱ्या लोकांच्या गॅरेजात शोभतो. आणि वर दाखला: बाई भाजीत मीठ काय तराजूने घालते?

आधी किरकोळ मुद्दे उरकतो. पाना महाग? साधा पाना एका टायरच्या किमतीच्या आत येतो. वेळ जातो? चाकाला मिनिटभर, तेवढ्यात त्यांची बिडीसुद्धा पेटत नाही. आजवर काही झालं नाही? सीटबेल्टबद्दलही हे गृहस्थ हेच म्हणायचे. राहिलं गोऱ्यांचं गॅरेज. या हत्याराचं श्रेय ज्याला देतात तो कॉनराड बाहर न्यूयॉर्कच्या पाणी खात्यात होता. जमिनीखालच्या पाइपांच्या जोडांवरचे बोल्ट माणसं वाटेल तसे आवळत, म्हणून १९१८ च्या सुमारास त्याला हे सुचलं म्हणतात. म्हणजे जन्म पाइपलाइनच्या खड्ड्यातला. आपल्याकडे खड्ड्यांना तोटा नाही, तेव्हा परकेपणाचं दुःख नसावं.

आता मीठ. या मिठाने मला आठवडाभर झोपू दिलेलं नाही.

बाईच्या हाताला मीठ कळतं, शंभर टक्के मान्य. पण का कळतं? भाजी खारट झाली की त्याच दुपारी घरातलं कोणीतरी ताट सरकवतं. चूक हातून झाली आणि तासाभरात हाताला तिचा निरोप पोहोचला. असे हजार निरोप आले की हात शहाणा होतो. लूमवरच्या कारागिराचंही तेच. धागा तुटला की दोष त्याच्या डोळ्यांदेखत कापडावर उमटतो. पंक्चरवाल्याला निरोप कोण देतो? त्याने आवळलेला नट उघडतो तो साठ किलोमीटरवर, सहा महिन्यांनी, कुणा तिऱ्हाइताच्या हातून. जास्त आवळला की कमी, हे त्याला जन्मात कळत नाही. चाळीस वर्षांचा अनुभव म्हणजे चाळीस वर्षं न मिळालेली उत्तरं. हाताला कळतं म्हणे! हाताला सांगितलं कुणी?

तो तिऱ्हाईत एकदा मीच होतो. दोन पावसाळ्यांपूर्वी नाशिकला जाताना पडघ्याच्या पुढे, रात्री, मुसळधार पावसात टायर बसला. बायकोने मोबाइलची बॅटरी धरली. तीन नट कण्हत-कुथत सुटले. चौथ्याच्या पान्यावर मी अक्षरशः उभा राहिलो, दोनदा उडी मारली. कट्‌ असा आवाज झाला आणि पाना फिरला. सुटला म्हणून आनंद झाला तो नट हातात येईपर्यंत. नटाच्या आत स्टडचा तुकडा तसाच अडकलेला, मोडलेला चेहरा करडा, चमकता, साखरेच्या खड्यासारखा दाणेदार. तीन नटांवर, वीसच्या वेगाने, परत. आठवड्याआधीच ते चाक एका दुकानात बसवलं होतं. दुकानदार म्हणाला होता, "टाइट मार दिया सेठ, अब हिलेगा नहीं." शब्दाचा पक्का निघाला.

आता थोडा हिशेब. मीटरभर लांब पान्याच्या टोकाला दहा किलो तांदळाची पिशवी टांगली, की नटावर जो पीळ पडतो तो साधारण ९८ न्यूटन-मीटर. बहुतेक छोट्या गाड्यांच्या चाकाला लागतो तो एवढाच, ८० ते १२० च्या दरम्यान. नेमका आकडा गाडीबरोबरच्या पुस्तकात असतो, जे आपण प्लॅस्टिकमधून कधी काढत नाही. गाडीतला पाना जेमतेम ३० सेंटिमीटरचा. त्यावर साठ किलोचा पोरगा उभा राहिला की १७५ च्या पुढे गेलाच. त्याला पाइप जोडून तोच पाना मीटरभर केला, तर ५९० च्या आसपास. हा डोस ट्रकच्या चाकाचा. त्यावर "हाताला कळतं" म्हणायचं! इथे हात कुठे आहे? पायच आहे. आणि मोठ्या दुकानांत तर पायही गेला, आता हवेची गन आहे. ज्याच्या हाताला सगळं कळतं, त्याचा हात गनच्या घोड्यावर असतो आणि कळायचं ते कॉम्प्रेसरला.

एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल करतो, कारण आमच्या परिचितांना ती सुचली नाही. टॉर्क पानाही फसतो. आपण लावलेल्या पिळाचा जेमतेम दहावा हिस्सा स्टडला ताणून चाक हबवर दाबतो, बाकीचा घर्षणात जातो. आटे गंजलेले असले तर ठरवलेला आकडा गाठल्याचा टक्‌ आवाज लवकर येतो आणि चाक सैल राहतं. आट्यांना तेल लावलं तर उलट, आकडा तोच आणि स्टडवर ताण भलता. पण मग गंजाने पाना फसतो तिथे हात काय दिव्यदृष्टीने बघतो? त्यालाही तोच घट्टपणा लागतो, वर आकडाही नसतो. आणि सैल राहिलेलं चाक स्वस्थ बसत नाही. बोल्ट सुटतात ते मुख्यतः आडव्या हिसक्यांनी, हे गेरहार्ड युंकर नावाच्या जर्मन इंजिनिअरने १९६९ मध्ये प्रयोगाने दाखवलं. बिचाऱ्याने त्यासाठी मुद्दाम यंत्र बनवलं. चिंचोटी रस्त्याने पावसाळ्यात एक फेरी मारली असती तर खर्च वाचला असता.

हा वाद नवा नाही. १९५७ मध्ये नवे पैसे आले, पुढच्या वर्षापासून टप्प्याटप्प्याने किलो आला, तेव्हाही शेर-पायलीवाल्यांनी असाच गळा काढला होता, असं घरात ऐकलंय. आज त्यांचीच नातवंडं गॅस सिलिंडर वजन केल्याशिवाय घेत नाहीत. ते असो.

मला खरी चीड आली ती दुसऱ्याच गोष्टीची. आमचे हे परिचित ग्रे कापडाचे व्यापारी. ताका समोर आला की खिशातून पितळी घडीची काच काढतात, कापडावर ठेवतात, वाकून इंचातले उभे-आडवे धागे मोजतात. दोन पिक कमी भरले तर कारखानदाराचा भाव पाडतात. तेव्हा का नाही म्हणत, बोटाला कळतं? धंद्यात काच आणि चाकाला अंदाज! पोटच्या पोरांना ज्या गाडीत बसवतात तिच्या चार स्टडची किंमत दोन पिकांएवढीही नाही.

करायचं काय, ते फारसं नाहीच. आटे ब्रशने साफ, कोरडे. नट आधी बोटांनी फिरवायचे, मग समोरासमोर आडवेतिडवे, ओळीने नव्हे. गाडी जॅकवरून उतरली की पुस्तकातला आकडा लावून पाना. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा. नट सोडायला हा पाना वापरायचा नाही, आणि ठेवताना स्प्रिंग सैल.

परवा अंजूरफाट्याच्याच एका दुकानात पंक्चर काढून घेतलं, गन बाजूला ठेवायला लावली आणि माझा पाना दुकानातल्या मुलाच्या हातात दिला. सोळा-सतरा वर्षांचा असेल. पहिल्या नटाला टक्‌ झालं तसा तो दचकला, मग हसला. तिसऱ्या नटाला आवाज आवडला म्हणून त्याने टक्‌, टक्‌, टक्‌ असं तीनदा वाजवलं. मी हात धरला. "बस्स, एकदाच." त्याने पाना उलटासुलटा करून बघितला आणि विचारलं, "सेठ, इसमें नंबर किधर लिखा है?"