धारोष्ण दूध आणि निळी साय

भगिनींनो, शिरूर-दौंडकडच्या आपल्यापैकी कितीतरी जणींच्या माहेरी नाहीतर सासरी दावणीला गाय असते. सुट्टीत मुलं गेली की आजी कौतुकाने धारोष्ण दुधाचा पेला पुढे करते. हा मोह मात्र आवरायला हवा. कारण आहे ब्रुसेल्लोसिस, म्हणजेच गाईंचा सांसर्गिक गर्भपात.

या रोगाची गाय एरवी धडधाकट दिसते. गाभण असताना सहाव्या-सातव्या महिन्यात गाभडते, वार अडकते, एवढीच काय ती खूण. जंतू मात्र दुधातून येत राहतात. माणसाला त्यामुळे रेंगाळणारा ताप येतो, रात्री घाम सुटतो, सांधे नि कंबर धरते. गरोदर बाईचा गर्भही पडू शकतो.

मग हे ओळखायचं कसं? जंतू शिरला की गाईचं शरीर त्याच्याशी लढायला प्रतिपिंडं तयार करतं. ती दुधातही उतरतात. परीक्षानळीत दूध घेऊन त्यात निळे रंगवलेले मेलेले जंतू थेंबभर टाकतात. प्रतिपिंडं असली तर ती या जंतूंना धरून सायीबरोबर वर आणतात आणि वर निळं कडं दिसतं. अख्ख्या कॅनची परीक्षा अशी एकदम होते. संशय आला तर त्या गोठ्यातल्या एकेका गाईचं रक्त तपासतात. माल्टा बेटावर १९०५ साली झॅमिट यांनी शेळ्यांच्या रक्तात अशीच खूण शोधली. पुढच्या वर्षी तिथल्या सैनिकांचं शेळीचं दूध बंद झालं आणि ताप झपाट्याने ओसरला.

आता आपल्या हातातलं :

१. दूध गाईचं असो की शेळीचं, उकळल्याशिवाय कुणालाही देऊ नका, तान्ह्या बाळाला तर मुळीच नाही. दही-पनीरही उकळलेल्या दुधाचंच करा.

२. गाभडलेलं वासरू, वार उघड्या हातांनी उचलू नका. गरोदर सुनेला, लेकीला त्या कामाला लावू नका. वार खोल पुरा.

३. कालवडींना चार ते आठ महिन्यांच्या वयात लस टोचून घ्या. ही लस जन्मात एकदाच द्यायची असते. २०१९ पासून केंद्राच्या कार्यक्रमात ती मोफत आहे. गाय गाभडली तर पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

४. ताप रेंगाळला तर घरी गुरं आहेत, कच्चं दूध पोटात गेलंय, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. त्यावरूनच त्यांना नेमकी रक्ततपासणी सुचते.

सासूबाईंना हे सांगताना मात्र जरा गोडीनं सांगा हं!