खणणाऱ्याला धातूचा भाव, वाचणाऱ्याला इतिहासाचा

रिसोड तालुक्यातल्या केनवडमध्ये आम्ही एका घरी बसलो होतो. भिंतीवर तथागत आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, त्याखाली फळीवर पत्र्याची डबी. डबीत आजीने जपून ठेवलेलं एक रुपयाचं नाणं होतं, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीनिमित्त १९९० साली निघालेलं. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या नातवाने मोबाइलवर व्हिडिओ पाहिला की हे नाणं असेल तर पाच लाख मिळतात. त्याने फोटो पाठवला. पलीकडच्याने आधी नोंदणी फी मागितली, मग जीएसटी, मग रिझर्व्ह बँकेच्या 'प्रमाणपत्रा'चे पैसे. सोयाबीन विकून आलेले अठरा हजार रुपये तीन दिवसांत गेले. आजीला पैशापेक्षा दुसरंच लागलं होतं. "म्या त्याले म्हतलं होतं भाऊ, बाबासायबाचं नानं इकू नको."

पोरगा मान खाली घालून बसला होता. आम्ही त्याला १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवायला लावली. फसवणुकीनंतर जितक्या लवकर फोन कराल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त, म्हणून हा आकडा प्रत्येकाने पाठ करून ठेवावा. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजीच जाहीर इशारा दिला होता की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी बँकेचा संबंध नाही, ती त्यासाठी कोणतंही शुल्क वा कमिशन मागत नाही आणि तसा अधिकारही तिने कुणाला दिलेला नाही. हा इशारा केनवडच्या त्या घरापर्यंत पोहोचला नाही. ठगाचा व्हिडिओ मात्र पोहोचला.

'लोभ नडला' म्हणून मोकळं होणाऱ्यांना आमचा प्रश्न आहे: जुन्या नाण्याची किंमत कशी ठरते, हे त्या पोराला कुणी कधी सांगितलं होतं? ते समजावं म्हणून आम्ही नागपूरला भरलेल्या एका नाणे प्रदर्शनाला गेलो. हॉलभर टेबलं, काचेच्या पेट्या, भिंग आणि छोटे वजनकाटे. कुणी विकतोय, कुणी घेतोय, कुणी आपल्याकडचं दुबार नाणं देऊन दुसऱ्याकडचं घेतोय. एका टेबलावर वाडगंभर नाणी होती. त्यात बाबासाहेबांचा तोच १९९० चा रुपया सापडला. किंमत विचारली, तर एका चहाची!

त्या विक्रेत्याने न कंटाळता आम्हाला समजावलं. नाणं किती पाडलं, त्यातलं आज किती उरलं, ते किती झिजलं आणि कोणत्या टांकसाळीतलं आहे, यावर भाव ठरतो. वर्षाच्या आकड्याखाली चौकटीसारखी खूण असेल तर मुंबई, तारा असेल तर हैदराबाद, गोल टिंब असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. १९९० चा रुपया तांबे-निकेलचा, व्यवहारासाठी भरपूर पाडलेला, म्हणून स्वस्त. ६ डिसेंबर २०१५ ला निघालेल्या दोन नाण्यांपैकी १० रुपयांचं बाजारात फिरलं. १२५ रुपयांचं चांदीमिश्रित नाणं संग्राहकांसाठीच पाडलं, म्हणून त्याचा भाव वेगळा. आणि नाणं कधीही घासायचं नाही. आपल्या आया-बाया चिंच-मीठ लावून ते चकचकीत करतात, पण संग्राहकाच्या लेखी तिथेच त्याची किंमत उतरते.

दोन टेबलं पुढे राम दरबाराचं चित्र असलेली 'ईस्ट इंडिया कंपनी, एक आणा, १८१८' अशी नाणी होती. ती कंपनीच्या टांकसाळीतली नाहीत, नंतर कुणीतरी पाडलेल्या टिकल्या आहेत, हे जाणकार संग्राहकाला ठाऊक असतं. पण गावोगाव हीच नाणी चमत्काराच्या नावाने खपतात. कुणी सांगतं देव्हाऱ्यात ठेवा, कुणी सांगतं हे तांदूळ ओढणारं नाणं आहे, परदेशातली कंपनी त्याचे कोटी देते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातही हा धंदा शिरलाय, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. अंधश्रद्धा आणि ठगी एकाच दुकानात भागीदारीने चालतात.

मित्रहो, इथपर्यंतची गोष्ट फसवणुकीची. पण आम्हाला खरं अस्वस्थ केलं ते शेवटच्या टेबलाने. तिथे सातवाहनांची नाणी होती. एका बाजूला सोंड उचललेला हत्ती, भोवती ब्राह्मी अक्षरं, दुसऱ्या बाजूला चार वर्तुळं जोडणारं उज्जैन चिन्ह. कुठली, असं विचारलं. "विदर्भातलाच माल आहे." सापडली कुठे? "ते आम्हाला कोण सांगतं?"

आम्हाला तऱ्हाळा आठवलं. आपल्याच वाशिम जिल्ह्यात, मंगरूळपीर तालुक्यात ते गाव आहे. तेव्हा ते अकोला जिल्ह्यात होतं. १९३९ साली तिथे सातवाहनांच्या दीड हजाराहून अधिक नाण्यांचा साठा मिळाला. तांब्यात शिसं-कथील मिसळलेल्या पोटीन नावाच्या स्वस्त धातूची ती नाणी. वा. वि. मिराशींनी ती वाचली आणि कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी ही पुराणांच्या यादीत नसलेली राजांची नावं पुढे आली. पुराणांनी जे सांगितलं नाही ते मातीतल्या भंगाराने सांगितलं! ही नाणी प्राकृतात बोलतात. गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र अशी आईच्या नावाने राजाची ओळख सांगणारी ही परंपरा. याच सातवाहनांनी नाशिकच्या लेण्यांत भिक्खूसंघाला जमिनी दिल्या. हा आपल्या पायाखालचा इतिहास आहे.

आता हिशेब मांडू. विहीर कोण खणतं? शेततळं, रस्त्याचा पाया, रोजगार हमीचा चर कोण खणतं? बहुतेक वेळा आपला भूमिहीन माणूस, आपली बाई. कुदळीला मडकं लागतं, नाणी वाटली जातात, सोनाराकडे वजनावर जातात, वितळतात किंवा दलालाच्या पिशवीतून शहर गाठतात. खणणाऱ्याला धातूचा भाव मिळतो. ज्याला ब्राह्मी वाचता येते तो त्याच नाण्याला इतिहासाचा भाव लावतो. मधला फरक विद्येचा आहे. जोतिरावांनी विद्येविना मती गेली म्हटलं, तिथपासूनचं हे गणित आहे.

कायदाही खणणाऱ्याच्या बाजूने पुरता उभा नाही. इंडियन ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट हा १८७८ चा, इंग्रजांचा कायदा आजही चालतो. जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. मूळ मालक निघाला नाही आणि जमीनमालकाशी काही करार ठरलेला नसेल, तर तीन चतुर्थांश हिस्सा शोधणाऱ्याचा आणि एक चतुर्थांश जमीनमालकाचा. हे किती शेतमजुरांना माहीत आहे? पण पुढची मेख पहा. सरकारला तो ठेवा स्वतःकडे घ्यायचा असेल, तर द्यायची रक्कम म्हणजे धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा. तऱ्हाळ्यासारख्या पोटीन नाण्यांना हे सूत्र लावा. ज्या नाण्यांनी राजवंशाची यादी बदलली, त्यांच्या शोधकर्त्याच्या हातात भंगाराचा भाव आणि वर वीस टक्के! मग तो कळवेल की वितळवेल? इंग्लंडने स्वतःसाठी १९९६ ला नवा कायदा केला. तिथे ठेवा संग्रहालयात गेला की बक्षीस बाजारभावाच्या हिशेबाने ठरतं. आपल्यासाठी मात्र त्यांनी सोडलेला १८७८ चा तराजूच अजून टांगलेला आहे.

नाण्यातला धातू वेगळा आणि नाण्याचं मोल वेगळं, हे आपल्याला नवं नसावं. १९२३ साली 'रुपयाचा प्रश्न' लिहिताना बाबासाहेबांनी याच गुंत्यात हात घातला होता. १८९३ पर्यंत कुणीही चांदी टांकसाळीत नेऊन रुपये पाडून घेऊ शकत होता. त्या वर्षी टांकसाळी बंद झाल्या आणि चांदीचा भाव व रुपयाचा भाव यांची फारकत झाली. रुपयाने बाजारात काय विकत घेता येतं, यावर बाबासाहेबांनी बोट ठेवलं, कारण रुपयाची ताकद घटली की मजुरी मागे राहते आणि मार गरिबाला बसतो. १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. त्यांचा चेहरा असलेल्या नाण्यावरून आपण फसावं, याहून मोठा विरोधाभास कोणता?

काही कार्यकर्ते म्हणतील की नाणी गोळा करणं हा भरल्या पोटाचा छंद, आपल्यापुढे शिष्यवृत्ती, अत्याचार, जमिनीचे प्रश्न पडलेत. प्रश्न पडलेत हे खरंच. पण ज्या बाजारात आपल्या घामाने निघालेला माल विकला जातो, तो बाजार ओळखणं हा छंद कसा? आणि इतिहास आपला म्हणायचा, तर त्याचा पुरावा वितळताना गप्प बसून चालणार नाही.

म्हणून काही साध्या गोष्टी सुचवतो. विहारात महिन्याचा एक रविवार नाणी आणि ब्राह्मी लिपीसाठी ठेवा. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, मुंबईत रिझर्व्ह बँकेचं चलन संग्रहालय आहे. सहली तिकडे न्या. कुणाला हा व्यवसाय करायचा असेल तर जरूर करावा, पण शंभर वर्षांहून जुन्या वस्तू विकायच्या तर १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे परवाना लागतो आणि त्या खासगीरीत्या परदेशी पाठवता येत नाहीत, हे आधी समजून घ्यावं. खणताना काही सापडलं तर घासू नका, वाटू नका. जागेसह फोटो काढा, लेखी कळवा, पोच घ्या, पंचनाम्यात शोधणाऱ्याचं नाव लिहून घ्या. आणि ट्रेझर ट्रोव्ह कायद्यातला धातूचा भाव काढून इतिहासाचा भाव आणा, ही मागणी आपल्या निवेदनांत आली पाहिजे.

नागपूरहून येताना आम्ही त्या वाडग्यातला एक रुपया घेतला आणि केनवडला त्या पोराच्या हातात ठेवला. भिंगाने खूण बघ म्हटलं. त्याने दोन्ही नाणी शेजारी धरली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाला, "आजीचं हैदराबादचं हाय, हे मुंबईचं." अठरा हजार अजून परत आलेले नाहीत. तक्रार चालू आहे, आम्ही पाठपुरावा करतोय. आजीचं नाणं पुन्हा डबीत गेलंय. ते विकायचं नाही, हे त्या घरात आता दोघांनाही पटलेलं आहे.

जय भीम!