हुकूम नसलेले प्रमुखपद

मार्च २०१९ मध्ये 'डेबियन' या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पापुढे एक विलक्षण पेच उभा राहिला. प्रकल्पप्रमुखाच्या वार्षिक निवडणुकीसाठी उमेदवारी दाखल करण्याची मुदत संपली आणि एकही नाव पुढे आले नाही. सुमारे एक हजार मतदार, दोन दशकांची निवडणुकीची परंपरा, संगणकाच्या जगात सर्वत्र आदराने घेतले जाणारे नाव आणि तरीही प्रमुखपद स्वीकारायला कोणी तयार नाही! आपल्याकडे गृहनिर्माण सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत सचिवपदाचा विषय निघाला की जी शांतता पसरते, तीच येथे जागतिक पातळीवर अनुभवास आली. नियमानुसार मुदत एक आठवड्याने वाढविण्यात आली. मग मात्र पाच जण पुढे आले, त्यांपैकी एकाने माघार घेतली आणि उरलेल्या चौघांतून सॅम हार्टमन निवडून आले. प्रसंग निभावला, परंतु त्याने उपस्थित केलेला प्रश्न आजही कायम आहे. पगार नाही, हुकूम चालविण्याचा अधिकार नाही, अशा पदाची इच्छा कोणी आणि का धरावी?

हा प्रश्न केवळ संगणकतज्ज्ञांचा नाही. इयन मरडॉक या विद्यार्थ्याने १९९३ च्या ऑगस्टमध्ये डेबियनची घोषणा केली तेव्हा तो एक छोटा उद्योग होता. आज तो संगणकविश्वाच्या पायातील दगड झाला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियनच्या तेराव्या आवृत्तीत सुमारे ७० हजार सॉफ्टवेअर पॅकेजेस आहेत. 'उबुंटू' ही लोकप्रिय प्रणाली डेबियनवरच उभी आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरील लॅपटॉप डेबियनकडे वळविण्याचा निर्णय २०१३ मध्ये जाहीर झाला. भारताचाही येथे थेट संबंध आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने तयार केलेली 'बॉस' ही भारतीय भाषांना अनुकूल प्रणाली डेबियनवरच बेतलेली आहे. मुक्त सॉफ्टवेअरचा अर्थ केवळ फुकट सॉफ्टवेअर असा नव्हे. ते वापरण्याचे, त्याची अंतर्गत रचना अभ्यासण्याचे, त्यात बदल करण्याचे आणि ते इतरांना देण्याचे स्वातंत्र्य वापरणाऱ्याला असते. हे स्वातंत्र्य ज्यांच्या श्रमांवर टिकून आहे, त्यांतील बहुतेक जण आपल्या फावल्या वेळात हे काम करतात.

अशा समूहाचे नेतृत्व कसे असावे, याची उत्तरे निरनिराळ्या प्रकल्पांनी निरनिराळी शोधली. लिनक्सच्या गाभ्याबाबत अंतिम शब्द आजही त्याचे जनक लिनस टॉरवल्ड्स यांचा असतो. पायथन या संगणकभाषेचे जनक खिडो फान रोसम यांनी मात्र एका छोट्या तांत्रिक प्रस्तावावरील कडवट वादानंतर जुलै २०१८ मध्ये अंतिम निर्णयाचा आपला अधिकार सोडला आणि त्यांच्या जागी पाच जणांचे निर्वाचित मंडळ आले. डेबियनने तिसरी वाट कितीतरी आधी धरली होती. १९९७ मध्ये 'सामाजिक करार' आणि १९९८ मध्ये लिखित घटना स्वीकारून त्याने आपला प्रमुख दरवर्षी मतदानाने निवडण्याचे ठरविले.

ही घटना वाचण्यासारखी आहे. प्रकल्पासाठी काम करण्याचे बंधन कोणावरही नाही, हे तिच्यात आरंभीच स्पष्ट केलेले आहे. ज्याला एखादे काम करावयाचे नाही, त्याने ते करू नये. मात्र घटनेनुसार झालेल्या निर्णयांच्या आड येऊ नये, एवढीच अपेक्षा. साहजिकच प्रमुखाच्या हाती आज्ञा देण्याचा अधिकार उरतच नाही. तो निरनिराळ्या कामांसाठी प्रतिनिधी नेमतो, ज्या विषयाची जबाबदारी कोणाकडेच नाही अशा तातडीच्या बाबतीत निर्णय घेतो, देणग्यांच्या विनियोगाला मान्यता देतो आणि बाहेरच्या जगात प्रकल्पाची बाजू मांडतो. कोणाचेही तांत्रिक काम त्याला परस्पर फिरविता येत नाही. त्याचे निर्णय सर्वसाधारण मताशी सुसंगत असावेत, अशीही अपेक्षा आहे. थोडक्यात, बराचसा वेळ पत्रव्यवहारात, समजूत काढण्यात आणि भांडणे मिटविण्यात जातो. उत्तम संगणक आज्ञावली लिहिणाऱ्या माणसाला हे पद बढतीपेक्षा शिक्षाच वाटावी!

निवडणुकीची पद्धतही आपल्याला विचार करावयास लावणारी आहे. एक आठवडा उमेदवारीसाठी, तीन आठवडे प्रचारासाठी आणि दोन आठवडे मतदानासाठी असतात. प्रत्येक उमेदवार आपला लेखी जाहीरनामा मांडतो आणि कोणताही सदस्य त्याला उघडपणे प्रश्न विचारू शकतो. मतदार एकालाच मत देत नाहीत. ते सर्व उमेदवारांना पसंतीक्रम देतात. या यादीत 'वरीलपैकी कोणीही नाही' हाही एक पर्याय असतो. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने २०१३ मध्ये 'नोटा' आला. परंतु लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुकीत त्याला कितीही मते पडली तरी निकाल बदलत नाही. महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांपुरता फेरनिवडणुकीचा आदेश काढला, तेव्हा त्याची मोठी चर्चा झाली होती. डेबियनमध्ये हा नकार पूर्वीपासूनच परिणामकारक आहे. जो उमेदवार या पर्यायाला मागे टाकू शकत नाही तो निवडून येऊच शकत नाही, मग तो एकटाच उभा का असेना. २०११, २०१८ आणि २०२३ या वर्षी रिंगणात खरोखर एकेकच उमेदवार होता. पण 'बिनविरोध' म्हणून गुलाल उधळण्याची सोय नव्हती. प्रत्येकाला मतदारांसमोर जाऊन होकार मिळवावा लागला.

व्यवस्था इतकी निर्दोष असताना उमेदवार का मिळत नाहीत? त्याचे उत्तर घटनेत नव्हे, घड्याळात आहे. पद एक वर्षाचे असले तरी ते रोजचे अनेक तास मागते. ज्याचा मालक या कामासाठी सवलत देतो, ज्याच्यावर घरातील लहानथोरांची फारशी जबाबदारी नाही, ज्याला परिषदांसाठी सहज प्रवास करता येतो, अशाच व्यक्तीला ते झेपते. स्वयंसेवेची दारे सर्वांना उघडी असतात हे खरे. पण आत शिरण्यासाठी लागणारा मोकळा वेळ सर्वांकडे सारखा नसतो. नोकरी, लोकलचा प्रवास आणि घरकाम यांतून उरलेल्या तासाभरात एखादे पॅकेज सांभाळता येईल. प्रकल्पाचे नेतृत्व करता येणार नाही.

मग पगार का देऊ नये, असे कोणी विचारील. तो प्रयोगही झाला आहे. २००६ मध्ये तत्कालीन प्रमुख अँथनी टाउन्स यांच्या पुढाकाराने, प्रकल्पाच्या चौकटीबाहेर निधी उभारून नवी आवृत्ती वेळेवर काढणाऱ्या व्यवस्थापकांना मोबदला देण्याचा उपक्रम सुरू झाला. त्यावरून वादळ उठले. दोघांना पैसे मिळणार असतील तर बाकीच्या शेकडोंनी फुकट का राबावे, हा सवाल उघडपणे विचारला गेला. काहींनी आपला हात आखडता घेतला. प्रमुखांना परत बोलाविण्याचा ठराव मतास आला. तो फेटाळला गेला हे खरे, पण डिसेंबर २००६ मध्ये अपेक्षित असलेली आवृत्ती शेवटी एप्रिल २००७ मध्ये बाहेर पडली. अनेक सदस्य आपापल्या कंपन्यांकडून पगार घेऊन डेबियनचे काम करतात, त्याला फारसा आक्षेप नसतो. तथापि प्रकल्पाच्याच नावाने काहींना पगार आणि काहींना केवळ शाबासकी असा भेद आला की स्वयंसेवकाच्या मनाला ठेच लागते. आपल्या सामाजिक संस्थांच्या इतिहासात हा अनुभव नवीन नाही.

या पार्श्वभूमीवर केरळच्या श्रुती चंद्रन यांच्या उमेदवारीकडे पाहावयास हवे. ग्रंथपालनाच्या क्षेत्रातून मुक्त सॉफ्टवेअरकडे वळलेल्या श्रुती डेबियनच्या अधिकृत विकासक झाल्या. हे सदस्यत्व मागून मिळत नाही. सदस्यांनी प्रत्यक्ष भेटून ओळख पटवावी लागते, कोणीतरी शिफारस करावी लागते, तत्त्वे आणि कौशल्य यांची परीक्षा द्यावी लागते. श्रुती २०२०, २०२१, २०२४ आणि २०२५ या चार निवडणुकांत उभ्या राहिल्या. त्या चारही वेळा कौल दुसऱ्यांना मिळाला: पहिल्या दोन वेळा दक्षिण आफ्रिकेचे जोनाथन कार्टर आणि पुढील दोन वेळा जर्मनीचे आंद्रेआस टिले. सप्टेंबर २०२३ मध्ये कोची येथे भरलेली डेबियनची जागतिक परिषद ही भारतातील पहिलीच. तिच्या आयोजनात त्यांचा पुढाकार होता. प्रकल्पातील स्त्रियांचे आणि युरोप-अमेरिकेबाहेरील लोकांचे अल्प प्रमाण हा विषय त्यांनी प्रचारात सातत्याने मांडला. २०२५ पर्यंतच्या एकाही निवडणुकीत स्त्री प्रमुखपदी निवडून आली नव्हती, ही वस्तुस्थिती पाहता हा आग्रह अनाठायी म्हणता येणार नाही.

आपल्याकडे पदाची इच्छा उघडपणे बोलून दाखविणे असभ्य मानले जाते. 'कार्यकर्त्यांचा आग्रह होता म्हणून' उभे राहण्याचा प्रघात आहे. डेबियनच्या रीतीत त्याला वाव नाही; तेथे उमेदवाराने स्वतःचे नाव स्वतःच द्यावयाचे असते, आपण काय करणार ते लिहून द्यावयाचे असते आणि हरल्यावर पुन्हा आपल्या पॅकेजकडे परतावयाचे असते. पराभवानंतरही काम चालू ठेवणारा उमेदवार हीच अशा संस्थेची खरी श्रीमंती होय. पद हे केलेल्या सेवेचे बक्षीस नसून निराळ्या प्रकारची सेवा आहे, हे त्यातून सिद्ध होते.

जबाबदारीची जागा रिकामी किंवा थकलेल्या हातांत राहिली तर काय होते, याचा धडा मार्च २०२४ मध्ये मिळाला. फाइली लहान करणारे 'एक्सझेड' नावाचे साधे, पण जवळपास प्रत्येक लिनक्स प्रणालीत असणारे सॉफ्टवेअर अनेक वर्षे एकच स्वयंसेवक विनामूल्य सांभाळत होता. 'जिया टॅन' असे नाव सांगणारी एक व्यक्ती २०२१ पासून त्याला मदत करू लागली. दुसरीकडे काही अनोळखी नावांनी, काम संथ चालले आहे, दुसऱ्याकडे सोपवा, असा तगादा लावला. आपल्या मानसिक स्वास्थ्याच्या अडचणी त्या स्वयंसेवकाने मोकळेपणाने सांगितल्या होत्या. हळूहळू अधिकार नव्या मदतनिसाकडे गेले आणि २०२४ च्या आरंभीच्या आवृत्त्यांत त्याने एक चोरदरवाजा बसविला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला डेबियनच्या अस्थिर आवृत्तीवर काम करताना, दूरस्थ संगणकात प्रवेशासाठी सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, एवढ्यावरून संशय आला आणि २९ मार्च रोजी हे कारस्थान उघड झाले. डेबियनच्या स्थिर आवृत्तीपर्यंत ते पोहोचले नव्हते, म्हणून मोठा अनर्थ टळला.

या घटनेतून 'अनोळखी स्वयंसेवकांवर विश्वास ठेवू नये' असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण चुकीचे. अनोळखी माणसांच्या विश्वासावरच ही सारी इमारत उभी आहे. जबाबदारी एकाच्याच खांद्यावर असते आणि ती कोणाकडे जात आहे हे पाहायला कोणालाही वेळ नसतो, तेव्हा विश्वासाची जागा थकवा घेतो, हा खरा धडा. डेबियनची ओळख पटविण्याची, शिफारशीची, जाहीर प्रश्नोत्तरांची आणि दरवर्षीच्या मतदानाची कंटाळवाणी वाटणारी पद्धत येथे मोलाची ठरते. नेतृत्व हवे आहे असे जो उघडपणे सांगतो, त्याला प्रश्न विचारता येतात. मदतीच्या मिषाने जो गुपचूप किल्ल्या मिळवितो, त्याला विचारणार कोण?

भारत सरकारने २०१५ मध्ये सरकारी कामकाजात मुक्त स्रोत सॉफ्टवेअरच्या वापराचे धोरण स्वीकारले. केरळने शाळांमध्ये ते रुजविले. आपल्या माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांचे कितीतरी व्यवसाय अशा सॉफ्टवेअरवर चालतात. वापरण्यात आपण मागे नाही. सांभाळण्यात आपला वाटा किती, हा प्रश्न स्वतःला विचारावयास हवा. देणगी चांगलीच, परंतु त्याहून अधिक गरज वेळेची आहे. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांनी आपल्या अभियंत्यांना आठवड्याचे काही तास या कामासाठी अधिकृतपणे दिले, महाविद्यालयांनी भाषांतर, चाचणी, दस्तऐवज लेखन या कामांना श्रेयांक दिले, तरी चित्र बदलू शकेल. विशेष म्हणजे २०१० पासून डेबियनने आज्ञावली न लिहिणाऱ्या योगदात्यांनाही पूर्ण सदस्यत्व आणि मताधिकार देऊ केला आहे. मराठी भाषांतर करणारा कार्यकर्ताही तेथे मतदार होऊ शकतो आणि मतदार झाला की उमेदवारही.

एखादी स्वयंसेवी संस्था किती निरोगी आहे, हे तिच्या सदस्यसंख्येवरून ओळखू नये. तिच्या सर्वांत कष्टाच्या आणि सर्वांत कमी अधिकाराच्या पदासाठी दरवर्षी किती जण प्रामाणिकपणे पुढे येतात, यावरून ओळखावे. २०१९ मध्ये तो आकडा एका आठवड्यासाठी शून्य होता. २०२५ मध्ये चार उमेदवार होते. हा आकडा पुन्हा शून्यावर येऊ नये, ही जबाबदारी त्या हजार मतदारांइतकीच, त्यांच्या श्रमांवर विनामूल्य विसंबून असलेल्या आपल्या सर्वांची आहे.