तटबंदीबाहेरचे ग्रामस्थ

रोमन किल्ल्यांना लागून वाढलेल्या नागरी वस्त्यांचे वर्णन बहुधा किल्ल्यापासून सुरू होते. सैनिक हा कर्ता, आणि दुकानदार, कारागीर, बायकामुले ही त्याच्या सोयीसाठी जमलेली माणसे. लॅटिनमध्ये अशा वस्तीला ‘विकुस’ म्हणत. मराठी वाचकाला मात्र चटकन ‘बाजारबुणगे’ हा शब्द आठवतो, आणि त्यातली तुच्छताही सोबत येते. आमचा आक्षेप या तुच्छतेला आहे.

उत्तर इंग्लंडमधील हेड्रियनच्या भिंतीलगतचे विंडोलांडा पाहावे. तेथे व्हल्कन या अग्निदेवतेला वाहिलेली वेदी सापडली आहे. ती अर्पण करणाऱ्यांनी स्वतःला ‘विंडोलांडाचे ग्रामस्थ’ म्हटले आहे. म्हणजे ज्यांना आपण किल्ल्याचे शेपूट समजतो, त्यांना आपण एक गाव आहोत याची जाण होती.

याच ठिकाणी १९७३ पासून लाकडाच्या पातळ पट्ट्यांवर शाईने लिहिलेला मजकूर सापडत आला आहे. त्यांपैकी सेनाधिकाऱ्याच्या पत्नीला, सुल्पिशिया लेपिडिनाला, मैत्रिणीने धाडलेले वाढदिवसाचे आमंत्रण सर्वांना ठाऊक असते. आम्हांला त्याहून मोलाचा वाटतो तो इ.स. १००च्या आसपासचा एक तक्रारअर्ज. लिहिणारा बहुधा व्यापारी आहे. आपण समुद्रापलीकडून आलेले, निरपराध, तरीही आपल्याला छड्यांनी मारले, अशी दाद तो मागतो. उरलेल्या मजकुरात त्याचे नाव नाही. अन्यायाची जाणीव मात्र शाबूत आहे.

पूर्वेस साउथ शील्ड्स येथील किल्ल्याजवळ रेजिना या स्त्रीचे स्मारक मिळाले. ती ब्रिटनमधल्या कातुवेल्लौनी जमातीची. आधी दासी, मग मुक्त होऊन पत्नी झालेली. वयाच्या तिसाव्या वर्षी ती वारली. पती बाराटेस सीरियातील पाल्मायराचा. लॅटिन लेखाखाली त्याने आपल्या मायबोलीतही एक ओळ कोरवून घेतली आणि शोक व्यक्त केला. त्या दूरच्या किनाऱ्यावर ती लिपी वाचणारे कितीसे असतील?

या मजकुरांना वाङ्मय म्हणावे का, असे कोणी विचारील. आमच्या मते प्रश्न उलटा आहे. साम्राज्याविषयीचे साहित्य शिकवताना आपण सेनापतींचे आणि इतिहासकारांचे ग्रंथ आधाराला घेतो, आणि वस्तीतल्या माणसांना त्यांच्या नजरेतून पाहतो. वस्ती किल्ल्याच्या आधाराने वाढली हे निर्विवाद. परंतु त्या माणसांनी स्वतःविषयी जे लिहून ठेवले आहे, ते आधी वाचावे. वर्गात निदान एक तास त्या निनावी अर्जापासून सुरू व्हावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.